नेरियाचं माहेर

नेरिया डोंगरात राहणाऱ्या साबिन लोकांतल्या एका धनगराची लेक. रोमच्या नव्या वस्तीत घोड्यांच्या शर्यती आहेत म्हणून बापासोबत जत्रेला आली, ती परत गेलीच नाही. शर्यत रंगात आलेली असताना तिथल्या राजानं इशारा केला आणि रोमचे गडी पाहुण्यांच्या पोरींवर तुटून पडले. आडव्या आलेल्या बापाच्या डोक्यात ओपिटर नावाच्या गुराख्यानं सोटा घातला. म्हातारा जागीच गेला. ओपिटरनं तिला खांद्यावर टाकलं, तेव्हा तिनं त्याचा कान दातांनी तोडला.

"कान गेला, पण बायको आली," रक्त पुसत तो सोबत्यांना म्हणाला.

त्याच्या झोपडीतून ती दोनदा पळाली. दोन्ही वेळा त्यानं केसांना धरून फरफटत आणली. मग पोर झालं. ओपिटर त्याला मांडीवर घेऊन गाणी म्हणत बसे, आणि ते बघून तिचा जीव जास्तच जळे.

पुढं साबिन चालून आले. दोन टेकड्यांमधल्या दलदलीत कापाकापी सुरू झाली. मेलेल्यांवर पाय देऊन जिते लढत होते. तशात पळवून आणलेल्या बायका पोरं कडेवर घेऊन मध्ये घुसल्या. नेरियाही घुसली. भाले खाली आले. दोन्हीकडचे राजे ओरडले, "पुरे करा."

तिच्या धाकट्या भावानं, स्टाटोनं, मात्र ओपिटरला चिखलात दाबून धरलं होतं.

"स्टाटो, तह झालाय."

"बापाला मारलंय यानं."

"मला सांगतोस? मी तिथंच होते."

"मग बाजूला हो, ताई."

ती बाजूला झाली नाही, आणि तिनं भावाचा हातही धरला नाही. स्टाटोनं गळ्यावरून सुरी ओढली. रक्ताची चिळकांडी पोराच्या गालावर उडाली. पळवून आणल्यापासून तिनं देवाकडं हेच मागितलं होतं. तरी तिनं खाली वाकून ओपिटरचे उघडे डोळे मिटवले.

दोन्ही लोकांचं एकच गाव झालं. स्टाटो समोरच्या टेकडीवर राहायला आला. एकदा लोकर घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"डोंगरावरून आईचा निरोप आलाय, माहेरी कधी येतेस?"

"याला घेऊन येऊ?"

स्टाटोनं पोराकडं पाहिलं. "तोंडावळा बापाचा आहे."

"मग नाही येत."

शेवटी आईच डोंगर उतरून आली आणि लेकीपाशीच राहिली. स्टाटो आईला भेटायला यायचा, तो उंबऱ्याबाहेर बसायचा. नेरिया त्याला जवाची पेज बाहेरच आणून द्यायची.