दादाची होडी पाण्याखाली

१४ मे, बुधवार. सकाळी सातला नेरळहून निघालो, सहाला परतलो. ऊन फार होतं.

कर्जतहून एस.टी.ने चौक गाव, तिथून रिक्षा धरणाच्या बांधापर्यंत सोडते. पुढे पाण्याच्या काठापर्यंत अर्धा तास पायवाट. दुकान नाही, पाणी बरोबर घ्या आणि चौकातच खाऊन घ्या. मी मिसळ अर्धीच खाल्ली.

पाण्यापलीकडच्या वाडीला रस्ता नाही. माझा थोरला भाऊ सुतार होता, वाडीची होडी तोच बांधायचा. माघात तो गेला. त्याच्या हातची ही शेवटची होडी कुजू नये म्हणून मीच ती काठावर ओढून घ्यायला लावली, वर ताडपत्री बांधली. तेव्हापासून वाडी पाण्याला वळसा घालून दोन तास चालते; मीही तसाच गेलो. आता वाडीतल्या हिरूबाबांच्या सुनेचे दिवस भरत आले, तेव्हा कुठे त्यांनी फोन केला.

ताडपत्री काढली. फळ्यांमध्ये नख शिरेल अशा फटी पडल्या होत्या. मी म्हटलं, दुसरा सुतार आणतो.

"सुतार कशाला?" हिरूबाबा म्हणाले. "बुडवायची हाय."

दादा दर उन्हाळ्यात तेच करायचा, त्यांनी सांगितलं. होडीत दगड भरून ती पाण्याखाली ठेवायची. लाकूड फुगतं, फटी मिटतात. माझ्या जपण्यानेच ती सुकली होती.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी रडत व्हतात, भाऊ. तवा काय सांगनार?"

सून कमरेवर हात ठेवून उभी होती. "बुडवा लवकर," ती म्हणाली, "नायतर माझं पोर पवतच जन्मंल."

सगळे हसले. होडी पाण्यात ढकलली आणि पहिला दगड माझ्या हातात दिला. तो आत ठेवायला मला वेळ लागला. कोणी घाई केली नाही. पाणी फटींतून वर आलं, होडीचे काठ दिसेनासे झाले.

१८ मे, रविवार. पुन्हा गेलो. दगड काढले, पाणी उपसलं. होडी तरंगली. तळाशी थोडी ओल होती, तेवढीच. पहिल्या खेपेला सून बसली. दिवस भरेपर्यंत चौकात बहिणीकडे राहणार होती. मीही बसलो. पलीकडे उतरताना तिने फळीवरून हात फिरवला.

दादाच्या शेजारी आयुष्य काढलं. तो होड्या बांधतो एवढंच मला माहीत होतं. त्या कशा टिकवायच्या, हे कधी विचारलंच नाही. आता विचारायला तो नाही.

घरी आलो. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. ती धुतली, पिळली आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकली.