अर्धा तास विझवलेली आग

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठलं कुठंही पडतं. ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर तेवढं सांभाळून घ्यावं.

दिवाळी होऊन गेली होती, भात पिवळं झालं होतं. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई बेळगावहून दुर्बीण घेऊन आमच्या घरी उतरल्या. आमची वाडी अणशीच्या रानात, रस्त्यावर दिवे नाहीत, म्हणून त्यांनी ती निवडली होती. त्या म्हणाल्या, सगळ्या ग्रहांच्या पलीकडे एक बर्फाचा गोळा फिरतो. तो त्यांच्या दुर्बिणीतूनही दिसत नाही. पण उद्या पहाटे तो एका ताऱ्यासमोरून जाईल आणि त्याची सावली आपल्या डोंगरांवरून सरकेल. तेवढे काही क्षण तारा दिसणार नाही. तो किती वेळ झाकला गेला, त्यावरून गोळा केवढा ते कळतं.

"फक्त खालचा धूर नको, ताई. धुरानं तारा मंद झाला, तर कशानं झाला हे सांगता येणार नाही."

खालचं शेत माझ्या थोरल्या जावेचं, आक्काचं. भात तयार झालं की ती रात्रभर राखणीच्या माळ्याखाली आग ठेवते, नाहीतर गवे उतरतात. दंव पडलं की तो धूर वर न जाता आमच्या अंगणात येऊन बसतो. बाई स्वतः विचारायला निघाल्या होत्या, पण परक्या माणसानं आग विझवा म्हटलं तर आक्का कुत्रं सोडील, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीच गेले. कोणाकडे काही मागायची मला सवय नाही.

"बर्फाच्या गोळ्यासाठी मी इस्तू इझवू?" आक्का म्हणाली. "गवा काय तुझ्या बाईला इचारून येतोय?"

"अर्धाच तास, आक्का."

"आनि भात खाल्लं तर?"

"मी भरून देईन."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "लगीन होऊन आलीस तवापास्नं एवढं बोलली न्हाईस. बरं, इझवते. पर डबा वाजवनार."

पहाटे आग विझली आणि खालून डबा सुरू झाला. आवाजानं काही बिघडत नाही, असं म्हणून बाई हसल्या. दुर्बिणीतलं चित्र लॅपटॉपवर येत होतं, काळ्यावर पांढरे ठिपके. बाईंनी एका ठिपक्याकडं बोट दाखवलं. मला वाटलं, तेल संपलेल्या दिव्यासारखा तो बारीक बारीक होत जाईल. तसं झालं नाही. होता, आणि नव्हता. बाकीचे ठिपके जागच्या जागी. मग तो पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला. बाईंनी लगेच वेळ टिपून घेतली.

तो गोळा रोजच फिरत असणार, कोणाला दिसत नाही. आज ताऱ्याच्या वाटेत आला, तेवढंच त्याचं असणं कळलं. तेही उजेडानं नाही, उजेड गेल्यानं. शाळा सोडल्यापासून मला कोणी नवं काही दाखवलं नव्हतं.

बाई उजाडायच्या आत गेल्या. दिवस वर आल्यावर आक्कानं मला बांधावर बोलावलं. ती एका टोकाला डबा वाजवत होती, तर दुसऱ्या टोकानं गवे येऊन गेले होते. खाऊन, तुडवून भाताचा मोठा पट्टा मोकळा झाला होता. आक्कानं तो पावलांनी मोजला.

"तुमचा गोळा केवढा ते ठावं न्हाई. माझा येवढा."

दीड पोत्याचं नुकसान. फोन केला असता तर बाईंनी पैसे पाठवले असते, पण शब्द मी दिला होता, त्यांनी नाही. बदल्यात भात द्यावं तर आमचंच वर्षाला जेमतेम पुरतं. म्हणून परसातली कोनफळं काढून बाजारात बसले. ओरडून गिऱ्हाईक बोलवायला मला जमत नाही, त्यामुळं माल हळूहळू खपला. मिळतील तसे पैसे आक्काला देत गेले.

मधेच बाईंचा फोन आला. त्यांची माणसं आणखी एका ठिकाणी बघत बसली होती, पण तिथं ढग आले होते, आमच्या अंगणातलीच वेळ कामाला आली. ज्यांनी आग विझवली त्यांना माझा नमस्कार सांगा, म्हणाल्या.

सांगायला गेले तेव्हा आक्का तांदूळ पाखडत होती. "नमस्कार व्हय?" तिनं सूप खाली ठेवलं. "मग ऱ्हाऊ दे की आता पैसे."

"न्हाई आक्का. थोडेच ऱ्हायल्यात."

परवा शेवटचे दिले. ती न मोजताच ठेवणार होती, मी मोजायला लावले. सगळे फिटले.