बुजवलेले झरोके आणि आक्काचे लुगडे

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा चैत्र: सांगलीतल्या आमच्या बिऱ्हाडावरची कौले उतरवून पत्रे चढवले आणि माळ्याचे दोन्ही झरोके विटामातीने बुजवले. जबाबदार, घरमालक.

त्याच वर्षीचा आश्विन: छतातून पहिला पिवळा थेंब पडला. लेखी कळवूनही दखल घेतली नाही. जबाबदार, तोच.

मार्गशीर्ष: कन्याशाळेच्या अंगणात, बायकामुलींच्या देखत, माझ्या थोरल्या बहिणीवर आळ घेतला. जबाबदार, घरमालकाची आई.

त्याच महिन्याची अखेर: कसलीही चौकशी न करता बहिणीची नेमणूक नाकारली. जबाबदार, शाळेची समिती, जिच्यात घरमालक स्वतः बसत होता.

पुढचा चैत्र: झरोके गुपचूप उघडले. जबाबदार, पुन्हा घरमालक. या शेवटच्या नोंदीसाठीच मी हे लिहीत आहे.

आम्ही मूळचे सातारचे. तिथल्या आमच्या घराच्या माळ्याला समोरासमोर दोन झरोके होते आणि वळचणीला वडिलांनी मुद्दाम फटी ठेवल्या होत्या. खालून गार हवा शिरे, तापलेली हवा आढ्याजवळून निघून जाई. ऐन वैशाखात आक्का त्या माळ्यावर बसून धडे पाठ करी. ऐन विशीत तिचा नवरा गेला. मी सांगलीत नवी वकिली मांडली तेव्हा तिला सोबत आणले. तिने शिक्षिकेची परीक्षा दिली होती आणि कन्याशाळेत तिची नेमणूक होण्याच्या बेतात होती. सासरच्या स्वयंपाकघरात पुन्हा जायचे नसेल, तर तिच्यापुढे एवढी एकच वाट होती. हे ती जाणून होती, मीही जाणून होतो आणि घरमालकालाही आम्ही ते सांगितले होते.

घरमालक हळदीचा व्यापारी. सांगलीचे हळदवाले हळद जमिनीत ठेवतात. नदीकाठच्या घट्ट मातीत खोल पेवे खणायची, हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचे. आत वारा नाही, म्हणून कीड नाही. पिढ्यान्‌पिढ्या खरी ठरलेली ही रीत या गृहस्थाने जमिनीतून उचलून माळ्यावर नेली. त्या वर्षी पेवे भरली, माल उरला. लढाई संपली होती, लष्करी लिलावातले पत्रे मिळत होते. त्याने कौले काढून पत्रे घातले, झरोके बुजवले, फटी शेणामातीने लिंपल्या आणि हळदीची पोती आमच्या डोक्यावर रचून माळ्याला कुलूप लावले. खालच्या खोल्यांत आमची चूल होती आणि आक्काचे अंथरूण होते.

उन्हाळा कसा काढला ते सांगत नाही. छताच्या फळ्यांना हात लावला तर तव्याला लावल्यासारखे वाटे. संध्याकाळी ऊन उतरले की पत्रे आखडत आणि माळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठक्‌ ठक्‌ आवाज जाई. कोणी खडावा घालून चालत असावे तसा.

“चालायला लागले बघ,” आक्का भाकरी थापता थापता म्हणे.

“कोण?”

“मालक. पोती मोजताहेत.”

आम्ही हसत असू. पुढे ती हसेनाशी झाली. आवाज सुरू झाला की तिचा हात परातीतच थांबे.

आश्विनात पाऊस संपला, रात्री गारठू लागल्या. एका पहाटे आक्काच्या उशीवर पिवळा डाग दिसला. वर पाहिले तर फळीच्या सांध्यात थेंब लोंबत होता. आभाळ कोरडे होते. हे पाणी गळतीचे नव्हते. आमच्या चुलीची आणि अंघोळीच्या पाण्याची वाफ फळ्यांतून वर जाई, बाहेर पडायला वाट न सापडून कोंडून राही आणि पहाटे गार पत्र्याला लागून तिचे पाणी होई. ते पोत्यांवर ठिबके आणि हळद घेऊन खाली उतरे.

मी मालकाला कुलूप काढायला लावून माळ्यावर नेले आणि उदबत्ती पेटवली. धूर सरळ वर गेला, पत्र्याला टेकला आणि तिथेच पसरून राहिला.

“पाहा, हवा हलतसुद्धा नाही. झरोके उघडा.”

“आवं वकीलसाहेब, पेवात वारा सोडलाय का कवा कुनी?”

“पेव जमिनीत असतं. इथे वर पत्रा आहे आणि खाली आमची चूल.”

“मग चूल जरा बेतानं पेटवा की!” तो हसला. “हळद लय मानी असती. तिला वारं चालत न्हाई.”

मी रीतसर नोटीस दिली. उत्तर आले नाही. अंथरूण कुठेही सरकवले तरी थेंबाला नवा सांधा सापडे. अखेर आक्का डोक्याशी छत्री उघडून निजू लागली.

आता जे सांगायचे, ते विधवेच्या घरात वावरलेल्या माणसालाच पुरते कळेल. हळद तिला वर्ज्य होती. तिने ती जन्मात पुन्हा अंगाला लावायची नव्हती आणि तीच रोज पहाटे तिच्या पांढऱ्या लुगड्यावर उतरत होती. डाग काढायला आडावर, चारचौघींसमोर साबण लावावा, तर पिवळा डाग कुंकवासारखा लाल होई. पाण्याने खळबळल्यावर तो पुन्हा पिवळा पडे आणि जायचा तो केवळ उन्हाने. म्हणजे लुगडे दोरीवर, सगळ्या आळीसमोर, दिवसभर पसरणे भाग होते.

मालकाच्या आईने प्रथम आमच्या दारातच विचारले, “काय गं, कपाळ मोकळं आन्‌ पदराला हळद? कुनासाठी?”

आक्का सरळ बोलणारी. “काकू, हळद तुमचीच आहे. वरून पडते. भाड्यात धरली आहे की फुकट, तेवढं मालकांना विचारून सांगा.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. त्या हसण्याचा सूड म्हातारीने शाळेच्या अंगणात घेतला. आक्का त्या दिवशी समितीला भेटायला गेली होती. तिच्या पदराची कड सर्वांना दिसेल अशी धरून म्हातारी म्हणाली, “दोरीवरची लुगडी बगा हिची. हळद झाली, कुंकूबी झालं. आता हिच्याकडनं तुमच्या पोरी काय शिकनार?”

तिचा मुलगा, आमचा मालक, समितीच्या खोलीच्या दारात उभा होता. हळद कोणत्या पोत्यांतली हे सांगायला त्याला एक वाक्य पुरले असते. तो आत गेला.

मी समितीला लिहिले: या, पहाटे या, छत पाहा, थेंब पाहा. अध्यक्षांनी तोंडी कळवले, “विधवेच्या निजायच्या खोलीत आम्ही पंच म्हणून यायचं? शोभतं का?” ज्या पुराव्याकडे पाहणे शोभत नाही, त्यावाचून निकाल देणे मात्र त्यांना शोभले. पौषात आक्का वाईला सासरी गेली. मी अडवले, तर म्हणाली, “वकील म्हणून तुझं नाव इथं व्हायचंय अजून. दोरीवर माझं लुगडं राहिलं तर होणार नाही.”

चैत्रात मालकाने पोती उतरवली. तळची हळद बुरशीने काळी पडली होती. दुसऱ्याच दिवशी गवंडी आला, झरोके फोडले, वळचण मोकळी केली. पुढच्या हिवाळ्यात एक थेंब पडला नाही. चूल तीच, फळ्या त्याच. याहून स्पष्ट कबुली मी कोर्टातही पाहिलेली नाही. कबुली मिळाली ती विटांना. ज्या माणसाला ती द्यायची होती, ते माणूस वाईच्या काळोख्या स्वयंपाकघरात होते.

मी वाईला जाई तेव्हा आक्का बसण्याआधी वर छताकडे पाही. सासरच्या घरातसुद्धा, जिथे वर पोती नव्हती. घाटावर निघताना दारातल्या उजेडात पाठमोरी उभी राही.

“बघ रे, मागं काही दिसतंय का?”

“काही नाही, आक्का.”

“नीट बघ.”

ती गेली तेव्हा तिचे अखेरचे लुगडेही मी उजेडात धरून पाहिले. ते स्वच्छ पांढरे होते. पाहून कोणाला सांगणार होतो, ठाऊक नाही. आज माझ्या घराला सिमेंटचे छत आहे, त्याला सांधा नाही. तरी ऊन उतरले की वर कोणी चालू लागते आणि मी मान वर करतो.

घरमालक हयात आहे, सर्वमान्य आहे, त्याच शाळेच्या समितीत आजही बसतो. म्हणून ही माझी जाहीर मागणी आहे. आळ अंगणात घेतला होता; उत्तर बंद पाकिटातून चालणार नाही. त्याच अंगणात, शाळा भरलेली असताना, उभे राहून त्याने सांगावे, की झरोके का बुजवले, का उघडले, आणि ज्या दिवशी उघडले त्या दिवशी वाईला जाऊन माझ्या बहिणीला दोन शब्द का सांगितले नाहीत. हळद तिची नव्हती, एवढे त्याने त्या मुलींच्या देखत मोठ्याने म्हणावे. मी समोर उभा राहून ऐकीन.