वाचता न आलेली हरकत

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या टपरीत तो कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. कचेरीत जाता-येता मी त्याच्याशी बोलायचो, पण नाव कधी विचारलं नाही. टाइप झालं की तो रुमालाने स्क्रीन पुसायचा, गिऱ्हाइकाला अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा आणि विचारायचा, "काही बदलायचं हाय का?" त्याशिवाय कागद छापत नसे.

त्याचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर एका छोट्या कंपनीचं होतं. एका बड्या कंपनीने ती विकत घेतली आणि ते सॉफ्टवेअर बंदच करून टाकलं; त्याच्याकडची जुनी प्रत तेवढी चालत राहिली. पुढे सरकारने या खरेदीची चौकशी लावली आणि फ्लॉपीवर हरकती मागवल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या हरकती लिहिणाऱ्या त्या माणसाने स्वतःची पहिली हरकत चार दिवस घासूनपुसून लिहिली. ती त्याच बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप झालीय आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडणार नाही, हे ना त्याच्या लक्षात आलं, ना माझ्या.

महिन्याभराने चौकशीच्या मुंबईतल्या कचेरीतून उत्तर आलं. ते वाचून तो म्हणाला, "ज्यांनी अक्षर बंद केलं, त्यांच्याविरुद्ध लिवायला दुसरं अक्षर कुठून आणू, साहेब?"

मग त्याने ते पत्र नेहमीच्याच आवाजात मला वाचून दाखवलं. "आपल्या फ्लॉपीतील मजकूर वाचता येत नाही. मुदत संपली आहे. सबब, आपली काही हरकत नाही असे गृहीत धरण्यात आले आहे."

वाचून झालं. त्याने रुमालाने स्क्रीन पुसली आणि सवयीने विचारलं, "काही बदलायचं हाय का?"