वन्संनी खोडलेली सही

चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या. झटकून पहिली घडी घातली आणि त्यांचा फोन वाजला. पलीकडून वर्कशॉपचा मुकादम बोलत होता. तो फोनवर बोलत नाही, हाका मारतो, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"ताई, ट्रक लावतोय. कालच्या आठही पट्ट्या पास ना?"

"सही केलीये की. पट्ट्या खांबाला नीट टेकल्या होत्या ना?"

"दोन-तीन ठिकाणी फट होती, पण वेल्डिंगने अशी झाकली की तुम्हालासुद्धा दिसली नाही!"

बिचाऱ्याला वाटलं, शाबासकी मिळेल. वन्संनी चादर सोडली. "ट्रकमध्ये काही चढवू नका," एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून गेल्यासुद्धा. चष्मा टेबलावरच राहिला. तो द्यायला मी मागोमाग गेले, नाहीतर त्या ठिणग्यांच्या जागी मी कशाला पाय ठेवते!

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. वय त्रेपन्न. एकोणिसाव्या वर्षी याच वर्कशॉपमध्ये लोखंड घासायला लागल्या. "बाईच्या हातचा सांधा काय टिकणार!" असं म्हणणाऱ्यांत यांचे काका सगळ्यांत पुढे होते. आज त्याच काकांच्या दाराचं फाटक वन्संच्या हातचं आहे. तेवीस वर्षांत कुरकुरलेलं नाही, काका मात्र रोज कुरकुरतात. वेल्डिंग करता करता वन्संनी परीक्षा दिल्या आणि आता दुसऱ्यांचं काम तपासतात. त्यांच्या सहीशिवाय माल बाहेर पडत नाही.

हा माल होता शाळेसमोरच्या पादचारी पुलाचा. मुलं चालतील तो भाग ज्या तुळयांवर बसणार, त्या तुळया खांबांना वेल्डिंगने जोडलेल्या या आठ पट्ट्यांवर टेकणार होत्या.

मी पोचले तेव्हा वन्सं पट्टीच्या टोकाशी उकिडव्या बसल्या होत्या. मी चष्मा दिला. त्यांनी पातळ पोलादी पात्यांचा जुडगा काढला आणि पट्टी व खांब यांच्यामधल्या चिरेत एकेक पातं सरकवून पाहिलं. तीन एमएम जाडीचं पातं सहज आत गेलं. तेवढ्यात मालक आले.

"ताई, सांध्यावर मापाचं गेज लावून बघा, बरोबर सहा एमएम भरतंय. नकाशातही सहाच आहे."

"बाहेरून सहा भरतंय. त्यातले तीन फटीतच गेले. मग धरून ठेवायला उरले किती?"

मालकांनी वाकून ती चीर पाहिली. मग म्हणाले, "पण काल सही तुम्हीच केलीत."

सगळ्यांची हातातली कामं थांबली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"केली," वन्सं म्हणाल्या. "टोकाला पातं घालून बघायला हवं होतं, नाही बघितलं. चुकले. कागद आणा, खोडते."

आणि खोडली. तारीख घालून, कारण लिहून, सगळ्यांच्या देखत. चूक कबूल करताना इतका ताठ आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

मालक वैतागले. "मग आठही पट्ट्यांना बारा-बारा एमएमचा सांधा मारा, विषय संपवा!"

"विषय नाही, पट्टी संपेल," वन्सं म्हणाल्या. "पट्टीच बारा एमएम जाडीची. तिला बाराचा सांधा घातला तर कड वितळून जाईल, मग सांध्याचं माप मोजणार कुठून? आणि सहाचे बारा केले की धातू दुप्पट नाही, चौपट लागतो. तेवढ्या उष्णतेनं पट्टी पिळवटेल. घाबरून जाड करायचं नसतं, मालक. मोजून करायचं."

उरलेल्या सात पट्ट्याही पात्यांनी तपासून त्यांनी खडू घेतला. दोन पट्ट्यांवर नऊ लिहिलं, तिथे तीनची फट होती. एकीवर आठ, तिथे दोनची. पाच पट्ट्या खांबाला घट्ट टेकलेल्या होत्या, त्यांवर सहाच ठेवलं.

मुकादम मान खाली घालून उभा होता. "ताई, मी आपलं झाकलं..."

"झाकून सांगितलंस, हे नशीब. पुढच्या वेळी झाकायच्या आधी सांग."

सगळ्यांत वाईट पट्टीसाठी वन्संनी स्वतः मुखवटा चढवला. मला पाठ फिरवायला लावली. भिंतीवर निळा उजेड थरथरत होता आणि मी पदराआड हसत होते, कारण शेजारचा वेल्डर दुसऱ्याला सांगत होता, "बघून घे, असा हात पुन्हा बघायला मिळायचा नाही."

ट्रक संध्याकाळी गेला. नवी सही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

देवापुढे दिवा लावताना आज मी काही मागितलं नाही. असं माणूस माझ्या घरात राहतं, एवढंच सांगितलं. जेवताना हे वन्संना म्हणाले, "सही खोडलीस, लाज नाही वाटली?" त्या म्हणाल्या, "वाटली. न खोडता झोपले असते तर जास्त वाटली असती. आमटी वाढ."

मागच्या महिन्यात त्यांनी पास केलेला एक लोखंडी जिना आहे, याच मुकादमाने जोडलेला. उद्या सकाळी वन्सं पात्यांचा जुडगा घेऊन त्याचे सांधे तपासायला जाणार आहेत.