मामांचा जाडा पाइप

जगातल्या प्रत्येक घराकडे ते पेटलेलंच आहे असं समजून बघणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. ते आगीच्या बंबावर जमादार होते आणि राहायला आमच्याच गल्लीत, हैदराबादच्या बरकतपुऱ्यात. कुणाच्या बारशाला गेले तरी पाळण्याआधी त्यांना जिना दिसायचा. दारातच मान तिरकी करून पुटपुटत, "बारीक पाइप. जाडा इथं वळायचा नाही." घरच्यांना वाटे, मामा आशीर्वाद देताहेत. आमच्या लग्नात मांडवाभोवती एक चक्कर मारून त्यांनी माझ्या वडिलांना बजावलं, "याला जाडाच लागंल." वडिलांना वाटलं, हाराबद्दल बोलताहेत; त्यांनी हार बदलून आणायला माणूस पिटाळला. मामांचं शास्त्र तसं साधं होतं. बारीक पाइप दोघांना जिन्यावरून थेट खोलीत नेता येतो. जाडा पाणी भरपूर ओततो, पण अजगरासारखा जड, धरायला माणसं हवीत. "आग बघून पाइप घ्या, माणसं बघून नका घेऊ," हे ते जेवताना, दाढी करताना, मामी म्हणत की झोपेतसुद्धा सांगत.

पण ते छप्पन साल होतं, भाषेवरून राज्य फोडण्याचे दिवस. हैदराबादचे तुकडे झाले तशी बंबावरची माणसंही वाटली गेली. मामांनाही औरंगाबादला बदलीचा हुकूम आला होता, पण निघायला थोडा अवकाश होता. जायचे ते गेले, उरलेल्यांवर दुहेरी पाळ्या पडल्या. मामा घरी येऊन बूट न काढताच ओसरीवर बसून राहत. "काय सांगू जावईबापू, बसलं की उठूच वाटत नाही."

अशाच एका दुपारी मलकपेठेत लाकडाच्या दुकानाला आग लागली. मी शाळेतून शिकवून परतत होतो, गर्दीत थांबलो. बंबाबरोबर मामा आणि दोनच माणसं. दुकानाच्या वर एक म्हातारी आणि तिची सून अडकलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, "जमादारसाब, आदमी नै. छोटा पाइप लेलो." आत लाकूड छतापर्यंत पेटलं होतं. मामांनी एकदा बघितलं. "नक्को. जाडा." मग त्यांची नजर गर्दीवरून फिरत माझ्यावर आली. ज्यांनी मला कधी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता, ते ओरडले, "जावईबापू, धरा!"

धरला. माझ्या मागे एक पानवाला, त्याच्या मागे काळ्या कोटातला वकील. पाणी सुटलं तसे आम्ही तिघंही चिखलात आडवे झालो, पण पाइप सोडला नाही. खालची आग दबल्यावर मामांनी शिडी लावली आणि स्वतः चढून दोघींना उतरवलं. म्हातारीनं जमिनीवर पाय टेकताच पहिली शिवी मला घातली. मी तिच्या गच्चीतले पापड भिजवले होते.

थोड्याच दिवसांत मामा निघाले. काचीगुडा स्टेशनच्या फलाटावर मी आणि मामा उभे होतो, मामी डब्यात ट्रंका लावत होत्या. मी म्हणालो, "तिकडं सगळे आपल्यासारखे मराठी बोलणारे. बरं वाटेल."

"हौ," मामा म्हणाले. "पण पुण्याकडचे साहेब येणार म्हणे. माझं मराठी त्यांना कळंल का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. शिट्टी झाली, मामींनी हाक मारली, तरी ते खालीच उभे. मग माझा हात धरून म्हणाले, "दमलो हो, जावईबापू. दमायचंच होतं तर इथंच दमलो असतो."

गाडी हलली तेव्हा कुठे ते डब्यात चढले.