काकीचा अडकित्ता
भाजक्या सुपारीचा वास आला की माझी थोरली काकी समोर उभी राहते. गिरीजला, केळीच्या वाडीतल्या आमच्या घरी, सख्ख्या भावाच्या लग्नात मी करवली म्हणून मानाचा करा हातात धरून उभी होते. काकीने दोनदा अडकित्ता वाजवला, सुपारी गालात सरकवली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "तोंड रंगवून नाटकात उभी राहणारीच्या हातात करा? आण इकडे!" करा हिसकून तिने आपल्या लेकीला दिला. आईनेही मला हाताला धरून मागे घेतलं. दोनेक वर्षांनी मला टीव्हीवरच्या नाटकात खाष्ट सासूचं काम मिळालं. वय चोवीस, केसांना पांढरी पावडर. दिग्दर्शक म्हणाले, "हातात जपमाळ घ्या." मी म्हटलं, "नको, अडकित्ता द्या." तेव्हा आमच्या आळीत टीव्ही एकच, तोही काकीच्या ओटीवर. नाटक दाखवणार त्या संध्याकाळी मी मुद्दाम गावी गेले आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसले. पडद्यावरच्या सासूने दोनदा अडकित्ता वाजवला, सुपारी गालात सरकवली, सुनेकडे तिरकं पाहिलं, आणि अख्खी ओटी हसत काकीकडे वळली, "काकी, ही तर तुम्हीच!" काकीच्या हातात अडकित्ताच होता. तो तिने हळूच पदराखाली घेतला. पुन्हा कधी तिने तो चारचौघांत काढला नाही. आता लोक विचारतात, इतकी वर्षं खाष्ट म्हाताऱ्याच करता, कंटाळा नाही येत? काकी जाऊनही जमाना झाला, पण माझा करा मला अजून परत मिळालेला नाही.